चौघांत एक मशीन

"कोणाचं चाललंय?"

हे विचारताना अंकल कधी कोणाकडे बघत नसत. डोळे पडद्यावर, उजवा हात माउसवर आणि डावा हात वर्गात शंका विचारणाऱ्या मुलासारखा वर. उत्तर मिळाल्याशिवाय तो हात खाली यायचा नाही. एकदा आम्ही तिघंही खाली चहाला गेलो आणि बोलत बसलो. परत आलो तर खोलीत अंकल एकटेच, हात वर. नित्याने विचारलं, "अंकल, कोणाला विचारताय?" तर म्हणाले, "तुम्हालाच. यायला उशीर केलात."

ज्यांच्या मजल्यावर सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एक नळ असतो त्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. बाकीच्यांसाठी सांगते.

लालबागच्या एका जुन्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर, स्मितावहिनींचा छपाईचा गाळा आहे. लग्नाच्या, बारशाच्या, वास्तुशांतीच्या पत्रिका हे त्यांचं मुख्य काम. त्या गाळ्याच्या कोपऱ्यात एक मोठं काळं मशीन ठेवलेलं आहे. शब्दांत वर्णन लिहिलं की ते चित्र काढून देतं. हल्ली हे फोनवरही होतं, मला माहीत आहे. पण फोनवर थोडी चित्रं झाली की वर्गणी मागतात, आणि आपण लिहिलेलं कोणत्या कंपनीच्या कोणत्या कपाटात जाऊन पडतं ते कोणी सांगत नाही. आमचं मशीन आमच्या खोलीत होतं. लॅपटॉप आपापले, चित्र काढणारा हात चौघांत एक.

म्हणजे एका वेळी एकच चित्र. बाकीच्यांनी थांबायचं. पडद्यावर थांबवायचं एक बटण असतं. चित्र बिघडतंय असं दिसलं की ते दाबायचं. पण त्या बटणाला माणसं ओळखता येत नाहीत. तुम्ही तुमच्या लॅपटॉपवर दाबलं तरी मशीन त्या क्षणी ज्याचं चित्र काढत असेल त्याचंच मोडून टाकतं.

आमचं पहिलं मोठं भांडण यावरून झालं. नित्याने स्वतःचा बिघडलेला कळस थांबवायला बटण दाबलं, आणि स्मितावहिनींचे नवरा-नवरी अंतरपाटासकट नाहीसे झाले. नवरीचं नाक पहिल्यांदाच मनासारखं उतरत होतं, असं वहिनी आजही सांगतात. त्या नित्याशी बोलेनात. नित्या म्हणाला, मशीनच तसं आहे तर मी काय करू. मी मध्ये पडले आणि सामूहिक साधन व वैयक्तिक जबाबदारी यांवर बरंच काही बोलले. त्यानंतर दोघंही माझ्याशी बोलेनात.

तेव्हा अंकलनी नियम घातला. बटण दाबण्याआधी हात वर करायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचं. ज्याचं चालू असेल त्याने सांगायचं. नाव ऐकल्याशिवाय बोट खाली न्यायचं नाही. आम्ही हा नियम आठवड्यात विसरलो असतो, पण अंकल स्वतः तो इतक्या गंभीरपणे पाळायचे की आम्हाला लाज वाटून पाळावा लागला.

आता आम्ही म्हणजे कोण ते सांगते. वहिनींचं सांगितलंच. नित्या त्याच भागातल्या एका गणपती मंडळाचा देखावा आखायचा. बरीच वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली थर्माकोल कापल्यावर त्या वर्षी पहिल्यांदा त्याच्या हातात काम आलं होतं. आणि मी घोडपदेवच्या चाळींतल्या भाडेकरू समितीची पत्रकं लिहिते. आमच्या घरात शाळेचं पुस्तक नंतर आलं, आधी पत्रकं आली. गिरणी बंद पडल्यावर बाबा घरांच्या लढ्यात होते, आणि उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. 'बंधूंनो आणि भगिनींनो' हे मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी लिहिता येत होतं.

मशीन होतं अंकलचं. खरं तर त्यांच्या मुलाचं. तो कॅनडाला गेला आणि मशीन मागे राहिलं. गिरगावातल्या एका जुन्या ख्रिस्ती वाडीत अंकलची एक खोली होती. तिथे मशीन सुरू केलं की त्याच्या पंख्याचा आवाज शेजारच्या मार्था आंटीच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत शिरायचा. अंकलची बायको वारली तेव्हा तिच्या महिन्याच्या मिसाची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेची, पत्रिका छापायला ते वहिनींकडे आले. वहिनी तेव्हा एका पत्रिकेसाठी तुळशीवृंदावनाचं चित्र शोधत होत्या आणि त्यांना इंटरनेटवर नुसत्या पाश्चात्त्य कुंड्या मिळत होत्या. अंकल मागे उभे राहून बघत राहिले. मग म्हणाले, माझ्याकडे मशीन आहे, जागा नाही. तुझ्याकडे जागा आहे. दुसऱ्या दिवशी ते मशीन टॅक्सीत मांडीवर घेऊन आले, तापलेल्या मुलाला डॉक्टरकडे न्यावं तसं.

नोकरीभर ते बॅलार्ड इस्टेटमधल्या एका जहाज कंपनीत टेलिफोनच्या बोर्डावर बसले. बाहेर जाणाऱ्या लाइनी मोजक्या, फोन करायचा असणारे सगळ्या मजल्यांवर. एकदा त्यांनी मोठ्या साहेबाला थांबवून एका शिपायाचा गावचा फोन आधी लावून दिला होता, असं ते सांगत. गोष्टीतला साहेब दर वेळी बदलायचा. कधी तो पारशी असे, कधी इंग्रज, एकदा तर नॉर्वेचा कप्तान झाला. शिपाई मात्र कायम राजापूरचाच.

मशीनला ते वर्णन इंग्रजीत लिहीत, आणि सुरुवातीला 'प्लीज' घालत. शेवटी 'थँक यू'. नित्याने त्यांना समजावलं की मशीनला ते लागत नाही. अंकल म्हणाले, "मला लागतं."

माझ्याशी त्यांचं रोज काहीतरी वाजायचं. मला ते 'बाय' म्हणत, आणि चिडवायचं असलं की 'कॉम्रेड बाय'. एका पत्रकासाठी मला उगारलेली मूठ हवी होती. मशीनने सहा बोटांची काढली. मी ती टाकून देत होते, तर अंकल मागून म्हणाले, "राहू दे गो. मोर्चाला माणसं कमीच असतात, एक बोट तरी जास्त."

एकदा मी त्यांच्याशी तत्त्वावर भांडले. लग्नपत्रिकेचं चित्र आणि घर जाणाऱ्या माणसांच्या पत्रकाचं चित्र यांना एकाच रांगेत उभं करणं हा न्याय नाही, असं माझं म्हणणं होतं. गरज ज्याची मोठी त्याचा नंबर आधी. अंकलनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, गरज मोजणार कोण, तू का? मी म्हटलं, आपण सगळे मिळून ठरवू. ते म्हणाले, मग ठरवता ठरवता रविवार उलटेल, आणि लग्नही होऊन जाईल आणि तुझी सभाही. आमच्या बोर्डावर ज्याने आधी सांगितलं त्याचं आधी. मला ते पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलेलं नाही.

बाबांना चित्रच पटत नव्हतं. पत्रकावर मुद्दा हवा, चित्र कशाला, असं ते म्हणत. म्हणून माझ्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एक ओळ असते: 'चित्र मशीनचे आहे, मुद्दे आमचे आहेत.' अंकलना ती ओळ फार आवडायची. मिसाच्या पत्रिकेवरही घालता येईल का, असं त्यांनी वहिनींना विचारलं होतं.

आणि आमच्यात आणखी एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मशीनला एखाद्या प्रकारची पुष्कळ चित्रं दाखवली की ते त्या वळणाने चित्र काढायला शिकतं. नित्याने त्याला मंडळाच्या जुन्या देखाव्यांचे सगळे फोटो दाखवले होते. त्या वळणाला आम्ही 'साज' म्हणायचो. साज चढवला की मशीन काहीही काढताना झेंडू, कमानी आणि दिव्यांच्या माळा घालायचं. पण साजही सगळ्यांत एकच. एकाने चढवला की पुढच्याच्या चित्रातही तोच यायचा. म्हणून आपलं काम झालं की साज उतरवून उठायचं. उतरवायला मशीन बराच वेळ घ्यायचं, आणि नित्या तेवढा वेळ कधी बसायचा नाही. माझ्या पत्रकातल्या गळक्या जिन्याला एकदा तोरण आलं होतं.

त्या वर्षी अंकलची वाडी पुनर्बांधणीला निघाली.

ते स्वतःहून फार बोलले नाहीत. थांबण्याच्या वेळात, चहा पिताना, तुकड्यातुकड्यांनी आम्हाला कळत गेलं. वाडीच्या तोंडाशी दगडी चौथऱ्यावर एक क्रूस आहे. वाडीतल्या कोणाच्याही आजोबांना तो कोणी बांधला ते माहीत नव्हतं, इतका जुना. बिल्डरने लोकांना नव्या इमारतीचं मोठं रंगीत चित्र दाखवलं, त्यात तो क्रूस नव्हता. तिथे गाड्या आत यायचा रस्ता होता, ताडाची झाडं होती, आणि कुत्रा घेऊन चाललेली एक गोरी बाई होती. बिल्डरच्या माणसाने सांगितलं की क्रूस सन्मानाने दफनभूमीत हलवू. 'सन्मानाने' हा शब्द बिल्डरच्या तोंडून आला की मी पायाखालची जमीन तपासते. आणि या लोकांची चित्रं तुम्ही नीट बघितलीत का कधी? एकाही गॅलरीत कपडे वाळत घातलेले नसतात. तिथे माणसं राहायला येणार आहेत हे चित्र काढणाऱ्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

बरं, वाडीतले लोक काही क्रूसाच्या विरोधात नव्हते. ते थकले होते. छपराला ताडपत्र्या होत्या, जिने हलत होते. क्रूसासाठी नकाशा अडला तर काम आणखी रखडेल, अशी त्यांना भीती होती. अंकल सगळ्यांना सांगत फिरले की क्रूस डावीकडे आहे तिथेच राहील आणि गाड्या उजवीकडून जातील, जागा आहे. लोक हो हो म्हणत आणि बिल्डरच्या चित्राकडे बघत. "माझं फक्त बोलणं आहे गो," ते मला म्हणाले. "त्यांचं चित्र आहे."

रविवारी मिसानंतर सभा होती. आर्किटेक्ट येणार, वाडीने मान्यता दिली की नकाशा महापालिकेत जाणार. तिथे गेलेला नकाशा पुन्हा कोणी बदलून आणत नाही.

मी अर्थातच पत्रक लिहून दिलं. मन लावून लिहिलं होतं. अंकलनी चष्मा लावून, ओठ हलवत ते शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, हे कुठे वाटायचं? मी म्हटलं, वाडीत.

"वाडीत कोण आहे? माझी मावसबहीण, तिचे मुलगे, बायकोचा भाऊ आणि मार्था आंटी." त्यांनी कागदाची नीट घडी घालून तो मला परत दिला. "धिक्कार करायला बाहेरचं कोणी तरी पाहिजे, बाय."

मग शुक्रवारी संध्याकाळी, आमच्या ओळखीत पहिल्यांदाच, त्यांनी स्वतःसाठी नंबर लावला. एक चित्र. वाडीचं तोंड, क्रूस, आणि बाजूने जाणारी गाडी.

शनिवारचे नंबर आधीच लागलेले होते. वहिनींकडे एका नवरीचा मामा पत्रिकेसाठी खुर्ची टाकून बसला होता. रविवारी सकाळी घोडपदेवला आमची चाळीच्या तोंडाशी सभा होती, त्याचं पत्रक माझं. नित्याच्या मंडळातले वडीलधारे शनिवारीच संध्याकाळी देखावा पास करणार होते. नाही झाला तर काम अंधेरीच्या डेकोरेटरकडे जाणार. अंकल चौथे. संध्याकाळी वसाहतीचा वॉचमन मजल्याची वीज बंद करून खालचं गेट लावतो, ही सगळ्यांनाच मर्यादा.

सकाळी आम्ही तिघांनी एकमेकांत ठरवलं आणि अंकलना सांगितलं की आज पहिला नंबर तुमचा. मी तर म्हटलं, माझा नंबर रद्दच करा, मी पत्रक नुसत्या अक्षरांत काढते. त्यांनी ऐकलं नाही. नित्याने त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसवायला बघितलं, तर हात सोडवून घेऊन म्हणाले, "बोर्डावर बसलेल्यानेच आपला फोन आधी लावायचा, तर मग बोर्ड कशाला ठेवायचा?"

वहिनींचं लवकर झालं. नवरीच्या मामाने नाक पास केलं. माझं झालं. मग नित्या बसला आणि उठेना. तो चित्र काढी, फोनवर मंडळाला पाठवी, आणि वडीलधाऱ्यांचं दर वेळी एकच उत्तर येई: अजून भव्य. कमानींवर कमानी चढल्या, देखाव्यातल्या समुद्रमहालाला आणखी एक मजला आला. अंकल मागे स्टुलावर. मी घड्याळाकडे बघत होते, वहिनी माझ्याकडे बघत होत्या, आणि अंकल नित्याच्या महालाकडे बघून त्याला सांगत होते की पायऱ्या रुंद कर, म्हातारी माणसं चढणार आहेत. शेवटी मंडळाकडून हो आलं. नित्याने अंकलना मिठी मारली, लॅपटॉप बगलेत मारला आणि जिन्यावरून धावत गेला.

अंकल बसले. वाडीच्या तोंडाचा एक फोटो त्यांनी मशीनला दिला आणि खाली वर्णन लिहिलं. प्लीज घातलं. थँक यू घातलं. धुक्यातून चित्र वर येऊ लागलं. डावीकडे क्रूस, तोच, तसाच. उजवीकडे रस्ता, रस्त्यावर एक पांढरी गाडी. मागे इमारत. मी श्वास सोडला. आणि मग क्रूसाच्या खांद्यावर केशरी ठिपके उमटायला लागले.

नित्या साज उतरवायला विसरला होता.

"थांबवा," मी म्हटलं. अंकलचं बोट बटणावर गेलं, आणि त्याच क्षणी डावा हात वर.

"कोणाचं चाललंय?"

"अंकल, तुमचंच चाललंय," वहिनी म्हणाल्या. पण त्यांच्या सवयीत हे उत्तर बसत नव्हतं. ते हात वर धरून नाव ऐकायची वाट बघत राहिले, आणि तेवढ्यात चित्र पूर्ण झालं.

क्रूसाच्या गळ्यात झेंडूचे हार. चौथऱ्याभोवती पणत्या. वाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बल्बच्या माळा, वर एक झगमगीत कमान, खाली लाल गालिचा, आणि त्या गालिच्याशेजारून गुपचूप निघालेली पांढरी गाडी. खालून वॉचमनने पाइपवर काठी आपटली. साज उतरवून पुन्हा काढायला वेळ नव्हता. वहिनींनी जिन्यावरून वॉचमनला विनवलं, तेव्हा त्याने एक प्रिंट निघेल एवढी वीज राहू दिली. जे होतं ते मोठ्या कागदावर छापलं. ते गुंडाळून अंकल जिना उतरले. मला नित्याचा एवढा राग आला होता की मी त्याला फोन केला नाही; केला असता तर त्या वर्षी मंडळाला देखावा मिळाला नसता.

रविवारी घोडपदेवची सभा उरकून मी गिरगावला पोचले तेव्हा वाडीच्या अंगणात खुर्च्या मांडलेल्या होत्या. पुढे बिल्डरचं चित्र, जाड फळीवर, चकचकीत. त्याच्या बाजूला एका खुर्चीच्या पाठीला चिमटे लावून अंकलचा कागद. त्याचं एक टोक वाऱ्याने सारखं वर होत होतं, आणि अंकल ते धरून उभे होते.

आधी पोरं हसली. अंकलच्या मावसबहिणीचा मुलगा क्लाइव्ह बँकेत आहे, वाडीच्या वतीने बिल्डरशी तोच बोलायचा. तो म्हणाला, "अंकल, क्रूस दिसतोय, पण गणपती कुठे बसवलाय?" मग मोठेही हसले. अंकलचे कान लाल झाले. ते सांगू लागले की मशीन एक असतं, माणसं चार असतात, एकाचा साज दुसऱ्याला लागतो. कोणाला काही कळेना. आर्किटेक्ट बाई, वयाने माझ्याएवढीच, विनयाने हसू दाबत होती. मी उठून भाषण करणार होते. खरंच उठले होते.

तेवढ्यात मार्था आंटी काठी टेकत पुढे गेल्या. कागदाला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या. सगळे गप्प झाले, कारण त्या पडतील अशी भीती होती.

"बल्ब इकडून नव्हते," त्या म्हणाल्या. "आमच्या गॅलरीतून होते. मे महिन्यात आमचा पास्कू वायर खाली सोडायचा."

"तुमच्या नाही, आमच्या गॅलरीतून," मागून अंकलचा मेहुणा म्हणाला. "तुमच्याकडचा फ्यूज उडायचा."

"फ्यूज तुझ्या बापाने उडवला."

मला आधी कळलंच नाही काय सुरू झालं ते. मग सांगितलं कोणीतरी. मे महिन्यात क्रूसाच्या सणाला वाडी सजवायची पद्धत होती. झेंडूचे हार, दिव्यांच्या माळा, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना, आणि नंतर उकडलेले चणे. माणसं कमी होत गेली, पोरं बाहेर गेली, हळूहळू ते बंद पडलं. आता अंगणभर त्याचीच वाटणी चालली होती. कमान नव्हती, असं एकजण म्हणत होता. होती, बांबूची, असं दुसरा. गालिचा बिशप आले होते तेव्हा एकदाच होता. चणे कोणाच्या दारात शिजायचे यावर दोन बायका एकमेकींचं बोलणं तोडत होत्या. अंकलनी कागदाचं टोक सोडून दिलं होतं. त्यांची नजर प्रत्येक बोलणाऱ्याच्या तोंडाकडे जात होती, बोर्डावरच्या दिव्यांकडे जावी तशी.

क्लाइव्ह बराच वेळ ऐकत उभा होता. मग तो चित्राकडे गेला आणि पांढऱ्या गाडीवर बोट ठेवलं. आर्किटेक्ट बाईला विचारलं, इथून गाडी जाते का खरंच? तिने उठून क्रूसापासून भिंतीपर्यंत चालून बघितलं, परत आली, नकाशावर पेन्सिलने एक रेघ मारली आणि म्हणाली की दोन झाडं कमी करावी लागतील. ताडाची होती. त्यांच्यासाठी कोणी रडलं नाही.

"मग वायर वरून नको," क्लाइव्ह म्हणाला. "लॉबीतून घेऊ. फ्यूजचं भांडणच नको."

वायर कुठून घ्यायची हे ठरायला लागलं तेव्हा मी खाली बसले. माझ्या हातात न वाटलेलं पत्रक होतं, त्याचा मी पंखा करून वारा घेतला. इतकं हलकं मला आमची स्वतःची सभा जिंकल्यावरही वाटलेलं नाही.

अंकल मला वाडीच्या तोंडापर्यंत सोडायला आले. क्रूसाच्या चौथऱ्यापाशी ते अचानक मटकन खाली बसले. मी घाबरले. बघते तर ते हसत होते, आवाज न करता, खांदे हलवत. डोळे पुसून म्हणाले, "नित्याला सांगू नकोस गो. साज न उतरवल्याने बरं झालं असं कळलं, तर तो जन्मात कधी उतरवणार नाही."

मी सांगितलं नाही. वहिनींनी सांगितलं.

वाडी रिकामी झाली तशी माणसं पांगली; कोणी मालाडला, कोणी मीरा रोडला भाड्याने. अंकल वसईला बहिणीकडे गेले. मशीन न्यायला त्यांनी नकार दिला. तिकडे विजेचा भरवसा नाही, आणि तिथे आपण एकटेच, असं कारण दिलं. एकट्याने मशीन वापरणं त्यांना उधळपट्टी वाटत असावी. जाताना त्यांनी आमच्या हातात हात दिले, मशीनवरची धूळ पुसली आणि नित्याला साज उतरवायला लावला.

गुडघ्यांमुळे त्यांचं मुंबईला येणं बंद झालं. निरोप मात्र येत राहिले, आणि सगळे एकाच गोष्टीबद्दल. वाडीत खोदकाम सुरू झालंय असं ऐकलं. खोदायच्या मशीनचा ड्रायव्हर कुठला आहे? त्याला क्रूस कोणी दाखवलाय का? कागदावरची पेन्सिलची रेघ त्याच्यापर्यंत पोचलीय का? त्यांच्या बहिणीने एकदा मला फोन केला. म्हणाली, दादा पानावर बसतो आणि अर्ध्यावर उठतो, विचारलं तर काही सांगत नाही. तू जरा जाऊन बघून ये ना.

मी भरदुपारी गेले. वाडीभोवती निळे पत्रे उभे होते. दोन पत्र्यांच्या फटीतून आत बघितलं. घरं नव्हती, जिने नव्हते, मार्था आंटीची गॅलरी नव्हती. सगळी जमीन दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी खोल खणून काढली होती. आणि त्या खड्ड्यात डाव्या बाजूला मातीचा एक उंच तुकडा तसाच ठेवलेला होता, चारी बाजूंनी कापलेला, केकच्या उरलेल्या तुकड्यासारखा सरळ. त्याच्यावर चौथरा आणि चौथऱ्यावर क्रूस. कोणीतरी त्याला गोणपाट गुंडाळून सुतळी बांधली होती. खोदायचं पिवळं मशीन त्याच्याजवळ आलं की हळू व्हायचं, आपला लांब हात आखडून घ्यायचं, वळसा घालून पलीकडे जायचं आणि मग पुन्हा माती उचलायचं. मी बराच वेळ बघत राहिले. दर वेळी तसंच.

फटीत फोन घालून मी फोटो काढला आणि अंकलना पाठवला. त्यांनी तो बघितल्याची खूण लगेच आली, उत्तर मात्र येईना. मी पत्र्याला टेकून उभी राहिले. मग फोन थरथरला.

"दिसलं. थँक यू. जेवायला बसतो."